दिराकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, तर पुरेल का?

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब. सख्ख्या काकाने अत्याचार केल्याचं माझ्या १३ वर्षांच्या मुलीने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. दीर आता नोकरीच्या गावी असतो. समुपदेशक बाईंनी घरासाठी नियम लिहून दिले : काकाने यायचं नाही, फोन करायचा नाही, मुलीच्या खोलीला आतून कडी हवी. सासूबाईंनी कडी काढायला लावली. सासरे म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दिराकडून लिहून घेऊ, पोलिसांत नको, गणपतीला सगळे एकत्र येऊ. काय करू?

उत्तर : ताई, आधी कडी पुन्हा बसवून घ्या, आजच. 'आमच्या घरात पोरी आतून कड्या लावत नाहीत,' असं सासूबाई म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य मी दोनदा वाचलं. दारावर स्क्रूची चार भोकं तेवढी उरली आहेत आणि मुलगी रोज ती बघत झोपतेय. आपल्यासाठी केलेला पहिलाच नियम घरच्यांनी मोडला, हे तिला कळलेलं आहे.

स्टॅम्प पेपरचं म्हणाल, तर नोटरीचा शिक्का मारला तरी त्याने गुन्हा मिटत नाही. उलट, घरात सगळ्यांना माहीत होतं याचा तो पुरावा ठरेल. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याखालचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. राजस्थानात एका मुलीच्या वडिलांनी आरोपी शिक्षकाशी तडजोड केली होती. तरी खटला रद्द होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. जवळच्या नातेवाइकाने केलेला गुन्हा तर हा कायदा अधिक गंभीर धरतो.

तक्रार देणं तुमच्या मर्जीवर सोडलेलं नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच असतं, समुपदेशक बाईंनीसुद्धा. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. उशीर झाला म्हणून घाबरू नका, मुदत संपलेली नाही.

तुम्हाला खरी भीती मुलीच्या हालांची आहे. तिला पोलीस ठाण्यात बसवायची गरज नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तोही गणवेश न घालता, तुमच्यासमोर. कोर्टात काका तिच्या नजरेसमोर येऊ नये अशी व्यवस्था करावी लागते, त्याचा वकीलही तिला थेट प्रश्न विचारू शकत नाही, आणि तिचं नाव छापता येत नाही. समुपदेशन चालू ठेवा. खटल्यासाठी ते थांबवायला कायदा सांगत नाही.

राहिले घरातले नियम. सासऱ्यांच्या शब्दावर ते टिकणार नाहीत, म्हणून त्या नियमांना कोर्टाच्या हुकमाचं बळ मिळवा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली तुम्ही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकता : दिराने घरात पाऊल टाकू नये, मुलीच्या शाळेत जाऊ नये, फोन-मेसेज करू नये. तातडीचा अंतरिम आदेशही मागता येतो, म्हणजे गणपतीच्या आत तो हातात पडावा यासाठी धडपडता येईल. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला बाहेर काढतील, ही धास्ती नको. सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते कायद्याच्या भाषेत सामायिक घर, म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं आहे.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि अत्याचार झालेल्या महिला-मुलांसाठी राज्य सरकारची जी मनोधैर्य योजना आहे, तिच्या मदतीचा अर्जही तिथेच करायचा. जाताना समुपदेशक बाईंचा तो कागद, सासऱ्यांनी काही मसुदा केला असेल तर तो आणि मुलीचा जन्मदाखला सोबत न्या. मुलीला नेऊ नका, पहिल्या भेटीत तिची गरज नसते.