226 टक्के नुकसान म्हणजे नक्की किती?

प्रश्न: सर, दांडिया बाजारातून लिहितेय. मुलगा इथेच एम.एस. युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स करतोय. त्याच्या नोट्समध्ये वाचलं की डोमिनिका नावाच्या देशाचं 2017 च्या वादळात जीडीपीच्या 226 टक्के नुकसान झालं. अहो, 100 च्या वर कसं जाईल? आहे त्यापेक्षा जास्त बुडेल कसं? आणि जपानचं नुकसान तर केवढं मोठं होतं, मग ते का नाही वर? मुलाला विचारलं तर म्हणतो, आई, तू राहू दे. (एक वाचक, वडोदरा)

उत्तर: ताई, राहू कशाला द्यायचं, प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि मला वाटतं चिरंजीवांनाही उत्तर येत नसणार म्हणून टाळाटाळ चाललीय.

जीडीपी म्हणजे देशाकडे जे काही आहे ते सगळं नाही, ती फक्त एका वर्षाची कमाई. आता बघा, एखाद्याचा वर्षाचा पगार 6 लाख आणि घर 40 लाखांचं, ते घर पडलं तर नुकसान पगाराच्या सहापटीहून जास्त, म्हणजे 600 टक्क्यांच्या वर, आणि यात गणिताची काही गडबड नाही. डोमिनिका हा कॅरिबियन समुद्रातला छोटा बेट-देश, त्याचं हेच झालं. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळ आलं, घरं, रस्ते, शेतं मिळून 93 कोटी डॉलरची मोडतोड, वर बुडालेला धंदा 38 कोटींचा, एकूण 131 कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षाच्या कमाईच्या सव्वादोन पटीहून जरा जास्त, तेच तुमचे 226 टक्के. देश केवढा, तर 70 हजारांच्या आसपास माणसं, आपल्या शहरात 2011 च्या जनगणनेलाच 16 लाखांच्या वर होती. आणि दोनच वर्षं आधी, 2015 मध्ये, एरिका वादळाने जीडीपीच्या 90 टक्के नुकसान करून ठेवलेलं, म्हणजे आधीचंच सावरलं नव्हतं.

जपानचं 2011 च्या भूकंप-त्सुनामीचं थेट नुकसान सरकारी अंदाजाने 16.9 लाख कोटी येन, डोमिनिकाच्या तुलनेत कुठच्या कुठे, पण जीडीपीने भागलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून ते टक्क्यांच्या हिशेबात खाली. देश झेपवू शकेल का, हे बघायला हा भागाकार ठीकच आहे.

पण माझा या आकड्यावर पूर्ण भरवसा नाही. 26 जानेवारी 2001 चा कच्छचा भूकंप घ्या, 13 हजारांवर माणसं गेली, आणि देशाच्या जीडीपीत ते नुकसान जेमतेम एखाद टक्का. भागाकारात पूर्ण भारत खाली ठेवला की भुज दिसतच नाही. शिवाय ज्याचं पत्र्याचं घर वाहून गेलं त्याचं सगळंच गेलं, पण रुपयांत ते एखाद्या बंगल्याच्या पार्किंगमधल्या गाडीइतकंही भरत नाही. आणि गंमत म्हणजे पूर ओसरल्यावर तळमजल्यावाले नवीन फ्रिज घेतात, वायरिंग बदलतात, गाळ काढायला मजूर लावतात, हा सगळा व्यवहार जीडीपीत जमेला, सडलेला जुना फ्रिज मात्र कुठेच वजा होत नाही!

अशा आकड्यांवर विसंबण्याचा खरा फटका बसतो छोट्या बेटांना, कारण स्वस्त कर्ज देताना आंतरराष्ट्रीय बँका बघतात मुख्यतः दरडोई उत्पन्न. टुरिस्ट येतात म्हणून उत्पन्न बरं दिसतं, मग पुष्कळदा सवलत मिळत नाही, आणि एका रात्रीत वादळ सगळं नेतं. म्हणून युनोने एक वेगळा निर्देशांक बनवून घेतला, त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष दोघं, अँटिग्वा-बार्बुडाचे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन आणि नॉर्वेच्या माजी पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग. त्यात उत्पन्न मुद्दाम बाजूला ठेवून देशाला धक्के किती बसू शकतात आणि ते सोसायची ताकद किती, हे बघतात. ऑगस्ट 2024 मध्ये आमसभेने तो पुढे नेला, म्हणजे आपल्याकडे वडोदऱ्यात विश्वामित्री नदी घराघरांत शिरली होती त्याच महिन्यात. पण त्यावरून कर्ज द्यायलाच पाहिजे असं बंधन बँकांवर नाही, तिथे गाडी अडलीय.

चिरंजीवांना अजून एक विचारा, नुकसानातलं विम्यातून किती आलं? कॅरिबियन देशांचा एक सामायिक विमा आहे, त्याने मारियानंतर डोमिनिका सरकारला पटकन पैसे दिले, साधारण 1.9 कोटी डॉलर. 131 कोटींच्या नुकसानावर, म्हणजे दीड टक्काही नाही.