गाडी घेण्याआधी

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

शोरूमला जाऊन आलास म्हणे. पावसहून रत्नागिरीची एमआयडीसी गाडीने 40 मिनिटं, एसटीने सव्वा तास, हा तुझा हिशेब खोटा नाही. अर्धा आहे.

मोबाईलचा नकाशा गाडी रस्त्याला लागल्यावरच वेळ मोजतो. मी गाडी घेतली तेव्हा घराची कडी लावल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंतची वेळ कॅलेंडरच्या मागे लिहायचो. फणसाखाली उभी गाडी, पावसाळ्यात काचेला चिकटलेली पानं ओरबाडायची, मारुती मंदिरच्या चौकात अडकायचं, मग सावलीतली जागा शोधायची. 40 चे 50 कधी झाले कळायचं नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या उतरल्या की विचारूच नकोस.

एसटीचं दुखणं वेगळं. ती रेंगाळते कमी. वेळ खाते ती रहाटाघर स्टँडवर सिटी बसची वाट. एमआयडीसीला जाणारा कोणी स्कूटरवाला सहकारी तिथे गाठलास तर सव्वा तासाचा तास सहज होईल. पण तसा कोणी नाहीच मिळाला असं धरू. म्हणजे गाडीची 50 मिनिटं धरून एका खेपेला 25 मिनिटं वाचली. महिन्याचे 26 दिवस, रोज दोन खेपा: 1300 मिनिटं, जेमतेम 22 तास.

आता हप्त्याकडे बघ. रोज 8 तास धरले तर महिन्याला तू 208 तास काम करतोस. पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात जाणार, म्हणजे जवळजवळ 70 तास तू गाडीसाठी राबणार. पेट्रोल त्यात धरलेलंच नाही. बावीस वाचवायला सत्तर? एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो, तेही मांड.

गाडी वाईट असं मी म्हणत नाही. रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर एसटी कामाची नाही. त्यासाठी घेणार असशील तर तसं सांग, मी हरकत घेणार नाही. वेळ वाचतो हे कारण मात्र मला सांगू नकोस.

दोन आठवडे रोजच्या वेळा लिही. चुकलेल्या बसचा दिवस गाळू नकोस, त्यानेच खरं चित्र कळतं. आणि जाताना डाव्या खिडकीशी बस, भाट्याच्या पुलावर समुद्राकडची बाजू तीच.

रविवारी ये. वही आण, आणि बँकेने दिलेला हप्त्यांचा कागदही.