चौदा वर्षांची गाडी: दुरुस्ती घरी, गॅरेजात, की सरळ विक्री?

प्रश्न: गाडी पेट्रोलवरची, १४ वर्षांची, १,३५,००० किलोमीटर झालेली. गॅरेजने टायमिंग बेल्ट, पुढचे ब्रेक, पुढचं सस्पेन्शन, कूलंटचे होज आणि स्पार्क प्लग अशी यादी दिली आहे. खर्चाचा मोठा भाग मजुरीचा आहे. हत्यारांचा पूर्ण संच घेऊन सगळं सुट्टीच्या दिवशी स्वतः करावं असं वाटतं. इंजिनचा दिवा लागत होता म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी दिवा परत लागला. घरचे म्हणतात गाडी विका आणि कर्ज काढून चार वर्षांची दुसरी घ्या. काय करावं?

नमस्कार. गाडी इतक्यात विकू नका. पण यादीतलं सगळं काम अंगावरही घेऊ नका. प्लग, ब्रेक आणि पुढच्या सस्पेन्शनमधले स्टॅबिलायझरचे लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारचे जोड) तुम्ही करा. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) गॅरेजला द्या. हत्यारांचा मोठा संच सध्या बाजूला ठेवा. आणि यातलं काहीही ठरवण्याआधी एक तपासणी करा, कारण तिच्या निकालावर बाकी सगळं अवलंबून आहे. ती पुढे सांगतो.

आधी हिशेब. सोयीसाठी तुमच्या गाडीची आज आहे त्या स्थितीत येणारी किंमत १०० धरतो आणि तुम्ही पाठवलेले बाकी आकडे त्याच मापात मांडतो. गॅरेजचा अंदाज ६२ चा आहे: सुटे भाग ३५, मजुरी २७. दुसरी गाडी ४५० ची. जुनी विकून १०० भरायचे आणि उरलेल्या ३५० चं कर्ज, दर साल १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. हप्ता महिन्याला साधारण ७.४ येतो. पाच वर्षांत नुसतं व्याज ९६ जातं, म्हणजे जवळपास तुमच्या आजच्या गाडीची पूर्ण किंमत.

‘शंभराच्या गाडीवर बासष्ट का घालायचे?’ हा घरच्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे, पण तुलना चुकीच्या गोष्टीशी होते आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी नव्हे, दुसरा पर्याय वर्षभरात किती खाणार त्याच्याशी ताडायचा. त्या गाडीचं पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ३२, आणि वर्षाला १२ टक्के घसारा धरला तर आणखी ५४. एकूण ८६, जास्तीचा विमा वेगळाच. तुमची जुनी गाडी वर्षात फार तर १५ नं उतरेल. म्हणजे वर्षाला ७० पर्यंत दुरुस्ती झाली तरी जुनी गाडी महाग पडत नाही. शिवाय ६२ मधले २६ बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपाचे आहेत. ते काम पुढची काही वर्षं पुरतं, दर वर्षी येत नाही.

आता तुमचा मूळ बेत. मजुरीचे २७ वाचवायचे आणि त्यासाठी २० ची हत्यारं घ्यायची, म्हणजे कागदावर ७ उरतात. पण त्या २७ मध्ये बेल्टचे १२ आहेत, आणि तिथे मी तुम्हाला ठामपणे अडवतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला किंवा दात चुकवून बसवला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागतं, आणि अशी दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या पुढे सहज जाते. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याकडून चूक व्हायची शक्यता दहात एक धरली, तरी १२ वाचवण्यासाठी तुम्ही १० चा धोका विकत घेता. त्यात इंजिनाचा एक माउंट सोडून खालून आधार देणं, क्रँक पुलीचा घट्ट बोल्ट, कॅम आणि क्रँक (बेल्टनं जोडलेले इंजिनातले दोन शाफ्ट) जागेवर रोखून धरणारी खास हत्यारं हे सगळं आलंच. गॅरेजला काम देताना मात्र तीन गोष्टी लिहून घ्या: बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) नवे बसणार, वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही आताच बदलणार, आणि जुने भाग तुम्हाला परत मिळणार. पंप सहा महिन्यांनी गळला तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

कूलंटच्या होजचं काम घरी सोपं दिसतं, पण पंप बदलताना कूलंट काढावाच लागतो. तुम्ही आधी होज बदलून नवा कूलंट भरला तर तो पंधरा दिवसांत ओतून द्याल. होज आणि थर्मोस्टॅट बेल्टबरोबरच करायला सांगा आणि त्याची मजुरी ३ वरून १ वर आणून घ्या. काम खरंच एकात एक होतं, त्यामुळे मागायला संकोच नको. दुसरं कारण असं की १४ वर्षांच्या रेडिएटरचं प्लॅस्टिकचं नळकांडं ठिसूळ झालेलं असतं. चिकटलेला होज पिळून ओढला की ते मोडतं आणि रेडिएटर नवा घ्यावा लागतो. कधी स्वतः होज काढायची वेळ आलीच, तर तो लांबीत चिरून सोलून काढा.

तुमच्या हातात उरतात प्लग, ब्रेक आणि स्टॅबिलायझरचे लिंक. मजुरीत ही बचत १ + ४ + २, म्हणजे ७. त्यासाठी लागतं एवढंच: हायड्रॉलिक जॅक, जॅक स्टँडची जोडी, सहाकोनी सॉकेटचा मध्यम संच, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), प्लगचं सॉकेट, इम्पॅक्ट ड्रायव्हर, ऑलन की, तारेचा ब्रश आणि गंजलेले बोल्ट सुटवायचा स्प्रे. तुम्ही पाठवलेल्या हत्यारांच्या यादीतलेच दर धरले तर हे ९ मध्ये बसतं. बेरीज करा: सुटे भाग ३५, गॅरेजची मजुरी १८, हत्यारं ९. झाले ६२. जितका गॅरेजचा अंदाज होता तितकाच.

म्हणजे पहिल्या वर्षी घरच्या दुरुस्तीतून काहीही वाचत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण बचतीच्या अपेक्षेनं सुरुवात केलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या अडकलेल्या बोल्टला वैतागून अर्धवट उघडलेली गाडी टो करून गॅरेजात नेतो, आणि ते सगळ्यात महाग पडतं. खरा फायदा दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो: तेल, फिल्टर, मागचे ब्रेक, बॅटरी मिळून वर्षाला ५ ते ६. गाडी आणखी तीन वर्षं ठेवायची असेल तर हत्यारं घ्या. वर्षभरात विकायचीच असेल तर घेऊ नका.

आता ती तपासणी. बेल्टवर पैसे घालण्याआधी प्लग काढा आणि त्याच बैठकीत कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरात तयार होणारा दाब) मोजा. प्लग इंजिन थंड असतानाच सोडवायचे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे प्लगबरोबर निघून येऊ शकतात. त्याआधी प्लगच्या खाचेतली धूळ हवेनं उडवून टाका. कॉम्प्रेशन गेज उसना मिळाला तर उत्तम. सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरसाठी स्टार्टर चार-पाच सेकंद. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांत १५ टक्क्यांहून अधिक फरक आला तर थांबा. लगतचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. तेलाच्या झाकणाखाली दुधी थर, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, विनाकारण घटणारा कूलंट या खुणाही पाहा. मग गाडी उचलून, स्टँडवर ठेवून, दाराखालचे सिल आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. पत्रा भसकन आत गेला तर गंज सांगाड्यात पोहोचलाय. यातलं एकही निघालं तर ६२ खर्चू नका. गाडी आहे तशी विका. ही तपासणी ठीक आली, तरच पुढचं सगळं.

नवे प्लग आधी हातानं फिरवत न्या, मग पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा. आटा तिरका धरला गेला तर हाताला लगेच कळतं, पान्याला कळत नाही.

ब्रेकचं काम शनिवारी सकाळी सुरू करा, रविवारी संध्याकाळी नको. मेकॅनिक जे दीड तासात करतो त्याला पहिल्या खेपेला चार-पाच तास लागतील. बोल्टांवर स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी सपाट, टणक जागेवर उचला, स्टँडवर टेकवा, हलवून बघा, मगच चाक काढा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जॅकचं सील निकामी झालं की सावरायला वेळ मिळत नाही. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेकच्या होजवर लोंबकळू न देता तारेनं बांधा. पिस्टन आत दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीची पातळी बघा: काठोकाठ असेल तर ऑइल बाहेर येऊन रंग खातं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन साफ करून त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. पॅड एकीकडे जास्त झिजलेलं दिसलं तर अडकलेली पिन हेच बहुधा कारण असतं, आणि ती तशीच ठेवली तर नवे पॅडही तसेच जातील.

जुनी डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू नेहमी डोकं मोडून घेतो. साध्या स्क्रूड्रायव्हरनं प्रयत्न करूच नका. इम्पॅक्ट ड्रायव्हर हातोड्यानं ठोकून वळवा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजलेली जाडी त्याहून जास्त असेल आणि पृष्ठभाग सपाट असेल तर डिस्क बदलायची गरज नाही, आणि तुमचे ४-५ इथेच वाचतील. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरनं पुसा. जोडणी झाली की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिले काही दाब पेडल तळाला जातं, आणि ते पार्किंगमधून बाहेर पडताना कळणं परवडणार नाही. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क रेंचनं आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

लिंक बदलताना दोन्ही पुढची चाकं उचललेली हवीत, नाहीतर स्टॅबिलायझरच्या बारवर ताण राहतो. नटबरोबर आतला दांडा फिरायला लागला तर तो ऑलन कीनं धरा. तरी सुटेना तर नट कापा, लिंक तसाही फेकायचाच आहे. लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशला, म्हणजे रबरी जोडाला, मात्र प्रेस लागतो, ते गॅरेजला द्या आणि बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के करायला सांगा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.

राहिला इंजिनचा दिवा. तुम्ही कळवलेला, इंजिनच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड पी०१७१ आहे. मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी, एवढंच तो सांगतो. कुठला भाग खराब आहे हे सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सर बहुधा खरं तेच कळवत होता. त्याचे गेलेले ६ विसरा आणि आता भाग बदलण्याआधी आकडे वाचा. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. गाडी जागेवर चालू असताना तो +१५ च्या आसपास असेल आणि २,५०० आरपीएमवर शून्याकडे येत असेल तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे: चिरलेला व्हॅक्यूम होज, इनटेकचं रबर, मॅनिफोल्डचं गॅस्केट. आरपीएम वाढवल्यावर ट्रिम आणखी चढत असेल तर एअर फ्लो सेन्सर मळलेला आहे किंवा इंधनाचा दाब कमी पडतो. सेन्सर त्याच्याच खास क्लीनरनं धुता येतो, ब्रेक क्लीनरनं कधीच नाही. घरी दुरुस्ती करणाऱ्यांचा सर्वांत मोठा तोटा मजुरीत किंवा हत्यारांत नसतो, अंदाजानं बदललेल्या भागांत असतो.

पैशांची सोय अशी करा. कर्ज घेतलं असतं तर जो ७.४ चा हप्ता गेला असता, तो या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. वर्षात ८९ जमतील; दुरुस्तीचे ६२ गेल्यावर २७ उरतील. पुढची दोन वर्षं दुरुस्तीला २५ धरले तरी दर वर्षी ६४ वाढतील. तिसऱ्या वर्षाअखेर हातात १५५ आणि जुन्या गाडीचे साधारण ६५: ४५० च्या गाडीची जवळजवळ निम्मी रक्कम, कर्जाशिवाय. घरखर्चाच्या तीन ते सहा महिन्यांचा आकस्मिक निधी असेल त्याला यासाठी हात लावू नका, आणि हत्यारं हप्त्यानं घेऊ नका.

एक मर्यादा आजच लिहून ठेवा: कुठल्याही बारा महिन्यांत दुरुस्ती ७० च्या वर जाते असं दिसलं की काम सुरू करण्याआधी गाडी विकायची. सुटे भाग मागवताना चासी नंबर द्या, कारण एकाच वर्षाच्या गाडीत दोन मापांचे ब्रेक असू शकतात. बिलं आणि बदललेल्या भागांचे फोटो किलोमीटरसह एका फाइलमध्ये ठेवा. बेल्ट बदलल्याचा पुरावा असलेली जुनी गाडी घेणाऱ्याला त्या खर्चाची वजावट मागता येत नाही.