उपचार थांबवले तर आईचा जीव आपण घेतला असं होईल का?

ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मला पुष्कळदा येतो. मिरजेच्या एका घरातली हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ऐंशी ओलांडलेल्या आईंना मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. व्हेंटिलेटर चालू, शुद्ध नाही, आणि आता किडन्याही बंद पडत चाललेल्या. डायलिसिस करता येईल, पण त्या शुद्धीवर येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. थोरला म्हणाला, आता पुरे. पुण्याहून आलेला धाकटा प्रोटेस्टंट, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात पुढे असणारा. त्याने बायबलच्या दहा आज्ञांतली सहावी पुढे केली, खून करू नको. थोरली सून वसईची, कॅथलिक. ती हळूच म्हणाली, "आमच्यात ती पाचवी." मोजणी वेगळी, भीती दोघांची एकच.

धाकट्याला मी एकट्याला भेटले. बराच वेळ तो वचनांवरच बोलत राहिला. मग म्हणाला, "ताई, दवाखान्याच्या खर्चापायी दादानं द्राक्षबाग विकायला काढलीय. आता थांबलो तर बागेसाठी आईला सोडलं असं होईल."

गाठ इथे होती. पैशाचा विचार मनात आला, याचीच त्याला लाज वाटत होती. ही लाज मी कितीतरी घरांत पाहिली आहे, आणि तिच्यापायी माणसं कर्जात बुडालेलीही पाहिली आहेत.

पोप बारावे पायस यांनी 24 नोव्हेंबर 1957 रोजी भूलतज्ज्ञांपुढे सांगितलं होतं की जीव राखण्याचे नेहमीचे उपाय करणं कर्तव्य आहे. रुग्णावर किंवा इतरांवर भारी ओझं टाकणाऱ्या उपायांचं बंधन नाही. व्हॅटिकनच्या 1980 च्या घोषणापत्रात तर आपल्यापायी कुटुंबावर अतोनात खर्च पडू नये, ही रुग्णाची इच्छाही रास्त धरली आहे. मरण यावं म्हणून काही करणं वेगळं, आणि ते अडवणं आता आपल्या हाती नाही हे मान्य करणं वेगळं. पहिल्याला चर्चची मुळीच संमती नाही.

"आम्ही पोपचं मानत नाही," धाकटा म्हणाला. ते बरोबरच होतं. त्याच्याशी मग पवित्र शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच, बोलले. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्याच वेळी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरं बांधायला लावली. म्हणजे औषध घेणं हा अविश्वास नव्हे. पण वाढवून मिळालेली वर्षंही मोजलेलीच होती. प्रेषित पौल तर फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हणतो की इथून जाऊन ख्रिस्ताजवळ असणं त्याला अधिक बरं वाटतं.

शेवटी मी विचारलं, "आईंना बागेचं विचारता आलं असतं तर?"

तो एकदम हसला. "म्हणाली असती, खुळा झालास काय रे?"

तिथून पुढचं बोलणं दोघे भाऊ समोरासमोर बसून करू शकले. डायलिसिस नको, हृदय थांबलं तर छाती दाबणं नको, असं ठरलं. वेदनाशामक औषधं, कूस बदलणं, तोंड ओलं करणं चालू राहणार होतं. नाकातली अन्नाची नळीही राहिली. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्यांच्या बाबतीत नळीतून दिलेलं अन्नपाणी ही तत्त्वतः नेहमीचीच सेवा आहे, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2004 मध्ये म्हटलं होतं. सुनेसाठी ते मोलाचं होतं. सही करून आईंना परस्पर घरी नेण्याचा सल्ला नातेवाईक देत होते, तो मी खोडून काढला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उपचार थांबवण्यासाठी रीतसर वाट दिली आहे, 2023 मध्ये ती सोपीही केली. त्यात डॉक्टरांच्या दोन मंडळांची मान्यता लागते. डॉक्टरांनी ती घेतली.

व्हेंटिलेटर काढणं धाकट्याला झेपलं नाही. सुरू न करणं आणि सुरू केलेलं थांबवणं यांत नैतिकदृष्ट्या फरक नाही, असं मला वाटतं. तसं त्याला सांगितलं, पण रेटलं नाही. आई व्हेंटिलेटरवर असतानाच गेल्या.

पुढे थोरल्याने दोन साक्षीदार घेऊन नोटरीकडे स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र केलं, म्हणजे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत ते लिहून ठेवलं. धाकट्याने साक्षीदार म्हणून सही केली. स्वतःचं मात्र त्याने अजून केलेलं नाही.