पिकलिंगचं (म्हणजे स्टील ॲसिडने साफ करण्याचं) पाणी नुसतं कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) न्यूट्रल करून चालेल का?

रबाळ्यात एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपचं पिकलिंग करताय, नायट्रिक आणि एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) दोन्ही वापरताय, मग नुसतं कॉस्टिक टाकून नाही चालणार. पीएच ७ दिसेल पण सोडियम फ्लोराइड विरघळलेलंच राहतं, त्यासाठी चुनाच हवा, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतं. पण त्याआधी हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) असेल तर पीएच २ ते ३ ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइट टाका, पिवळं पाणी हिरवट झालं की समजायचं काम झालं (वास उग्र येतो, एक्झॉस्ट चालू ठेवा), मगच चुन्याने पीएच ९ च्या पुढे न्या, क्रोम, निकेल, लोखंड सगळं गाळात बसतं. नायट्रेट मात्र पाण्यातच राहतं, त्याला बायोलॉजिकल ट्रीटमेंट लागते. गाळ हॅझर्डस आहे, प्लीज नाल्यात सोडू नका, तो पुढे ठाणे खाडीतच जातो. आणि एचएफवाल्या कामगारांजवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफ अंगावर पडलं तर लावायला) ठेवाच.