आधी बांधायला शीक

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या पोशाखांच्या संग्रहासाठी इंग्रज साहेबांची सोला टोपी हाती लागली हे वाचून फार आनंद झाला. दलदलीत उगवणाऱ्या शोला नावाच्या झुडपाच्या गाभ्याची असते, म्हणून इतकी हलकी. उलटी करून पाहा, कपाळपट्टी आणि कवच यांच्यामध्ये फट दिसेल. तिथून वारा शिरतो आणि माथ्यावरच्या भोकातून निघून जातो. काठाखाली हिरवं कापड असेल, तर ते जमिनीवरून परतणारी उन्हाची तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा या कारागिरीची किंमत कळते. आत मऊ कागद भरून ठेव, वर काही रचू नको आणि पाण्यापासून जप.

पण साहेबाच्या टोपीवर थांबू नको. ती फळीवर ठेवली तरी टोपीच राहते. आपल्या शेतकऱ्याचं पागोटं उलगडलं की हाती नुसतं लांब कापड उरतं. खरं पागोटं बांधणाऱ्याच्या हातात असतं, आणि ते हात आता थकले आहेत. म्हणून कापड विकत घेण्याआधी गावातल्या आबाजींजवळ बस. पदर किती सोडायचा, पीळ कुठून द्यायचा, शेवट कुठे खोचायचा, वखर हाकताना कसं आणि लग्नाला जाताना कसं, सगळं विचार. मोबाईलवर चित्रण कर, पण त्यांच्यासमोर स्वतः बांधूनही दाखव. तुझं बांधणं सैल पडलं की ते ‘असं नाही रे’ म्हणत पुढे सरकतील. त्या वेळी जे बोलतील, ते आधी विचारून मिळालं नसतं.

घोंगडीचंही तेच. मिरगाच्या पावसात तिची खोळ करून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिलेला माणूस तू पाहिला नसशील. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर आणि चिंचोक्याची खळ, यामुळे ती ताठ आणि दाट होते. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते, म्हणून हिवाळ्यात शेतातल्या रात्रीच्या जागलीलाही तीच. मेंढ्या राखणाऱ्या माणसाकडून घेशील, तर घासाघीस करू नको. त्याच्या घरातली शेवटची असेल तर मागूच नको. हात लावून पाहा, माहिती लिहून घे आणि नमस्कार करून ये.

खादीची टोपी ओळखायची तर कापड उन्हाकडे धर. हातसुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो. गिरणीचं सूत सारखं असतं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, गांधीजी सेवाग्रामला १९३६ साली आले. या दोन्ही धाग्यांची कापडं आपल्याच भागातल्या जुन्या पेट्यांत शेजारी शेजारी सापडतात. वर्ध्याचं खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय १९३८ सालचं आहे. तिथे एक पूर्ण दिवस काढ, नजर तयार होईल. आणि टोपीचं महत्त्व समजायचं तर अमरावती जिल्ह्यातच पाहा: गाडगेबाबांनी डोक्यावर फुटकं गाडगं घेतलं आणि त्यातच भाकर खाल्ली, तुकडोजी महाराजांची भगवी टोपी मोझरीला आजही डोक्याडोक्यांवर दिसते.

आता जपणुकीचं. खळ काढल्याशिवाय सुती टोपी पेटीत ठेवू नको, कसर खळीवरच येते. कडक इस्त्रीची घडी वर्षानुवर्षे तशीच राहिली तर नेमका तिथेच धागा तुटतो; म्हणून अधूनमधून घडी बदल. लोकर सावलीत हवेवर टाक, मऊ ब्रशने झटक, मगच ठेव. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, पावसाळ्यात आत ओल धरते. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळ.

घामाचे डाग मात्र काढू नको. कपाळाजवळचा पिवळा पट्टा, खांद्यावर झिजलेली लोकर, हे त्या माणसाच्या कामाचं लिखाण आहे. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांध: कोणाची, गाव कोणतं, काय काम करताना वापरायचे, तुला कोणी सांगितलं. शिसपेन्सिलीने लिही, शाई कापडात उतरते. घरच्यांना नाव द्यायचं नसेल तर नाव सोड, काम लिही.

तुझ्या आजोबांचा दुपट्टा अजून खुंटीवर असेल. पहिली चिठ्ठी त्याला बांध, आणि उन्हाळ्यातली लू लागू नये म्हणून आजोबा तो कसा गुंडाळायचे ते आजीला विचार. तिला नक्की माहीत असेल.

तुझा,
काका