कानात अजून शिट्टी वाजते

प्रश्न : कल्याणच्या एका सोसायटीत नाइट ड्युटी करतो. रविवारी रात्री साडेबाराला स्टिकर नसलेली गाडी अडवून रजिस्टर पुढे केलं. आत सोसायटीतलेच एक मेंबर होते, त्यांनी उतरून कानाखाली लगावली. सेक्रेटरी म्हणतात, मिटवून टाक. एजन्सीचा फिल्ड ऑफिसर म्हणतो, तक्रार केलीस तर पोस्ट बदलतो. चार दिवस झाले, कानात शिट्टी वाजते. बायको लसणाचं तेल घाल म्हणते. काय करू?
— एक वॉचमन

उत्तर : दादा, आधी ती तेलाची वाटी बाजूला ठेवा. कानफटात बसली की पडदा फाटू शकतो, आणि फाटल्या पडद्यावर तेल-पाणी गेलं की कान पिकतो. आजच सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरला दाखवा. 'ड्युटीवर असताना मारलं' हे केसपेपरवर लिहून घ्या.

या कागदावर पुढचं बरंच अवलंबून आहे. नुसती थप्पड असेल तर पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात देतात आणि विषय थंड होतो. पण एका कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं, किंवा दुखण्यापायी पंधरा दिवस रोजचं काम करता आलं नाही, तर ती गंभीर दुखापत ठरते आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. पूर्वी ही मुदत वीस दिवस होती. जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत पंधरा झाली. एनसी दिली तरी नाराज होऊ नका, घ्या आणि जपून ठेवा.

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापतात का, स्लिप बघा. कापत असतील तर ही कामावरची इजा आहे. डॉक्टरांनी रजा लिहिली तर त्या दिवसांची साधारण 90 टक्के मजुरी मिळते. एजन्सीला अपघाताची खबर लेखीच द्या. फिल्ड ऑफिसर तोंडी 'बघतो' म्हणेल. मीही सव्वीस वर्षं सुपरवायझर होतो, आम्ही असंच म्हणायचो.

सेक्रेटरींना आजच चिठ्ठी द्या, रविवारचं फुटेज राखून ठेवा म्हणून. नाहीतर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. पोहोच घ्या.

यापुढे गाडीच्या काचेत हात घालून रजिस्टर देऊ नका. एकानं काच वर घेतली, गाडी पुढे काढली. माझं मनगट अजून पावसाळ्यात दुखतं.

आज ड्युटीवर गेलात की रविवारच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. माझ्या वेळी ते पान दुसऱ्या दिवशी फाडलेलं निघालं होतं.